सीतारामचा दगड

आमच्या परळच्या चाळीच्या दारात एक काळा दगड आहे. एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या सीताराम परबचं नाव त्यावर कोरलंय. चाळीच्या जागी टॉवर उठवणाऱ्या बिल्डरचा सुपरवायझर हितेंद्र म्हणाला, "सोमवारी हा काढतो. मशीनला आडवा येतो."

सीतारामबरोबर लढलेला आमचा कुशाबा, ज्याचा एक पाय तिकडेच राहिला, नुसता "बघू" म्हणाला.

मी बघत बसणारा नव्हे. रविवारी पहाटे दगडाला शेंदूर थापला, झेंडूचा हार घातला आणि सांगत सुटलो, "गेल्या साली एका टेम्पोवाल्याने याला धक्का दिला. टेम्पो रिव्हर्समध्ये अडकला, तो थेट साताऱ्यापर्यंत उलटा गेला!" संध्याकाळपर्यंत सतरा नारळ फुटले. सोमवारी हितेंद्रने बूट काढून हात जोडले. जेसीबी गप्प.

तेवढ्यात कुशाबा कुबडी टेकत आला. हातात रॉकेलची बाटली आणि फडकं. लागला शेंदूर पुसायला.

"मेल्या, काय करतोस? वाचला ना दगड!"

"दगड वाचला. नाव कुठाय?"

खरंच, अक्षरं शेंदरात बुजली होती.

"सीताराम माणूस होता," कुशाबा म्हणाला. "बिड्या ओढायचा, पत्त्यांत लबाडी करायचा. माणूस म्हणून मान देववत नाही, म्हणून देव करता काय रे?"

हितेंद्रने पटकन बूट चढवले. "म्हणजे देव नाही ना? मग काढतो, आजोबा."

कुशाबा अक्षरं पुसून मोकळी करून त्यांच्याखाली दगडाला पाठ लावून बसला. "आधी वाच."

"सीताराम धोंडू परब. वय तेवीस."

"ऐकू नाही आलं!" तिसऱ्या मजल्यावरून शैला ओरडली.

हितेंद्रने पुन्हा वाचलं, मोठ्याने.

"तुझं वय?" कुशाबाने विचारलं.

"एकतीस."

"त्याच्यापेक्षा आठ वर्षं जास्त मिळाली तुला. आता नव्या दारावर हे नाव लावणार, असं लिहून आण. तोवर माझी खोली रिकामी होणार नाही."

"माझीपण नाही," शैला म्हणाली आणि जिना उतरून त्याच्या शेजारी येऊन बसली. मग गॅलऱ्या रिकाम्या होऊ लागल्या. मीही बसलो.

गुरुवारी हितेंद्र कंपनीचं पत्र घेऊन आला. 'जुना दगड प्रवेशद्वारी बसवण्यात येईल.' कुशाबाने ते वाचलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"'जुना दगड' खोड. परबाचं नाव लिही. पेन देऊ?"