सगळ्यांना पाठवा

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी बत्तीस वर्षं काढली. ट्रंक कॉलच्या दिवसांत अंधेरीतून मालवण जोडून देणं म्हणजे काय दिव्य होतं, हे आजच्या पोरांना सांगूनही कळणार नाही. त्यामुळे मोबाईलने घरं तोडली, माणसं दुरावली, असं कोणी माझ्यासमोर बोललं की माझं डोकं फिरतं. घरं माणसंच तोडतात. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण आमचं घर मी स्वतः तोडलं होतं, आणि तेही एका बोटाने.

आम्ही तीन भावंडं. थोरला मधुकरदादा घाटकोपरला, धाकटा चंद्रप्रकाश, म्हणजे आमचा चंदू, बोरिवलीला, आणि मधली मी, मालन, अंधेरीत एकटी. वडील गिरणीत होते. मी आणि चंदू मुंबईचं बोलायला लागलो, दादा मात्र बाहत्तरीतही मालवणीच बोलतो. मी लग्न केलं नाही, म्हणजे सासर नाही. माझं जे काही आहे ते माहेरच, आणि ते या दोन भावांच्या घरांत आहे.

तीन वर्षांपूर्वी चंदूच्या लेकीचं, दीप्तीचं, लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या, शिवाय मोबाईलवर पाठवायला एक व्हिडिओही तयार झाला, गणपती आणि सनई वगैरे असलेला. चंदूला मोबाईलमधलं फारसं कळत नाही. त्याने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ऑफिसच्या लोकांना तेवढा पाठव. मी पडले घरातली फोनची जाणकार. एकेक नाव कोण शोधणार? मी त्याच्या फोनमधली सगळी नावं ब्रॉडकास्टच्या यादीत निवडली आणि पाठवून मोकळी झाले.

त्या सगळ्यांत दादाचं नाव होतं.

आमच्यात थोरल्या भावाला लग्नाचं बोलावणं करायचं तर घरी जावं लागतं. पत्रिकेला कुंकू लावायचं, हातावर अक्षता द्यायच्या, आणि लग्न तुमचंच आहे असं म्हणायचं. चंदू रविवारी घाटकोपरला जाणारच होता, पण माझा व्हिडिओ शुक्रवारीच पोचला. मी फोनकडे बघेपर्यंत दादाच्या नावापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या. त्याला व्हॉट्सॅप शिकवलंही मीच होतं, महिनाभर डोकं खाऊन.

संध्याकाळी दादाचा चंदूला फोन आला. "थोरल्या भावाक मोबायलार बोलावणा करतंस?" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

मी चंदूला म्हटलं, मी सांगते दादाला. तो नको म्हणाला. "ताई, माझं तर नुसतं भांडण होईल. तुझं माहेर तुटेल." आणि मी गप्प बसले. इतकी तोंडाळ बाई मी, रिक्षावाल्याशी मीटरवरून हुज्जत घालणारी, पण तिथे माझी वाचा बसली. रविवारी चंदूनेही घाटकोपरला जायला हवं होतं. गेला नाही, कारण तोही आमच्याच हट्टी घरचा. दादा लग्नाला आला नाही. मुलाकडची माणसं विचारत राहिली की मुलीचे मोठे काका कुठे आहेत, आणि मी पंगतीत जिलब्या वाढत फिरत होते. तीन वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. मी एका रविवारी घाटकोपरला जेवायचे, दुसऱ्या रविवारी बोरिवलीला.

या वर्षी चंदूच्या जुन्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि त्याला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. घरभरणी आली. आमच्याकडे अशा वेळी भटजींची पूजा झाली तरी गाऱ्हाणं घातल्याशिवाय काम पुरं होत नाही. घरातल्या थोरल्याने नारळ ठेवून देवाला मोठ्याने साकडं घालायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. थोरला दादा. त्याच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. तो येऊ शकत नव्हता, आणि खुबा धड असता तरी आला नसता.

चंदू म्हणाला, गाऱ्हाणं या वेळी राहू दे. मी म्हटलं, राहणार नाही. दादाला फोन लावून सांगितलं की व्हिडिओ कॉलवर गाऱ्हाणं घालायचं आहे. त्याने टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाला, "देवाच्या कामाक मी नाय म्हणूचंय नाय. पण चंद्याशी बोलूचंय नाय."

मला तेवढं पुरे होतं. बत्तीस वर्षं मी हेच केलं होतं. लाईन जोडून द्यायची, पुढचं बोलणं ज्याचं त्याने करायचं. पण या वेळी मलाही बोलावं लागणार आहे, हे मला आतून ठाऊक होतं.

घरभरणीच्या सकाळी पूजा झाल्यावर चंदूची बायको विमला हिने पाटावर नारळ आणि पानाचा विडा ठेवला. शेजारी तांदळाच्या डब्याला टेकवून मी माझा मोबाईल उभा केला. विमला क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने त्यालाही कुंकवाचं बोट लावलं. देवाचं बोलणं यातूनच येणार ना, म्हणाली. मला ते फार आवडलं. तिकडे नीलावहिनीने फोन धरला होता. दादा खुर्चीत बसलेला, धोतर नेसून, डोक्यावर टोपी घालून. चंदू मुद्दाम कॅमेऱ्याच्या बाहेर उभा राहिला.

दादाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरा नव्या घरात जमली हत. तेंची राखण कर, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. आमचा आवाज तिकडे जरा उशिरा पोचत होता. प्रत्येक वेळी दादा थांबून कान देई, आमचा होकार पोचला की मगच पुढचं मागणं मागे.

"ह्या घरात कोणाक दुखणा-खुपणा नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोणाकडसून कळत नकळत काय चुकला असात, तर ता पदरात घे, रे म्हाराजा."

सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. माझं तोंड उघडेना. देवासमोर खोटं 'व्हय' म्हणणं मला जमणारं नव्हतं.

"थांब दादा," मी म्हटलं. "दीप्तीच्या लग्नाचा तो व्हिडिओ तुला मी पाठवला. चंदूने नाही. तो रविवारी अक्षता घेऊन येणार होता. मी सगळ्यांची नावं निवडली, त्यात तुझं गेलं. आणि माझं नाव पुढे येऊ नये म्हणून तो तीन वर्षं गप्प बसला."

तिकडे वहिनीचा हात हलला आणि पडद्यावर नुसता पंखा दिसायला लागला. विमला कुजबुजली की फोन कट झाला. मी नाही म्हणून मान हलवली. कट झालेली लाईन मला न बघता ओळखता येते. ही लाईन चालू होती, पलीकडे कोणीतरी जोराने श्वास घेत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला मोकळं वाटत होतं.

मग दादाचा आवाज आला. तो आमच्याशी बोलत नव्हता, देवाशी बोलत होता.

"बा देवा म्हाराजा, माझ्या भयणीन तीन वर्षा ह्या वझा डोक्यार घेतल्यान, ता आज खाली उतरव. माझ्या धाकट्या भावान तिका सांभाळल्यान, तेचो संसार सुखाचो कर. आणि मी म्हातारो एका मेसेजार तीन वर्षा रुसान बसलंय. माका थोडी अक्कल दी, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांच्या आधी चंदूचा आवाज आला, खणखणीत. तिकडे वहिनी हसत सुटली आणि इकडे विमला डोळे पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी चंदूने कपाटातून एक पत्रिका काढली. त्यावर त्याच्या अक्षरात 'श्री. मधुकरदादा व सौ. नीलावहिनी' लिहिलेलं होतं, कोपऱ्यावरचं कुंकू फिकट झालं होतं. तीन वर्षं त्याने ती जपून ठेवली होती. आम्ही दोघं मेट्रोने घाटकोपरला गेलो. चंदू दादाच्या पाया पडला, पत्रिका दिली, हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाला, लग्न तुझंच आहे दादा, यायचं.

दीप्तीचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. दादाने चष्मा लावून पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"मुहूर्त कितीचो?"

"बारा वाजून सात मिनिटांचो," चंदू म्हणाला.

"येतंय," दादा म्हणाला आणि त्याने चंदूला जवळ ओढून बसवलं.

मी दोघांचा फोटो काढला. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "आता सगळ्यांक धाड." मी या वेळी एकेक नाव वाचून निवडलं. दादाच्या नावाशी थोडी थांबले, मग तेही निवडलं.

त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. चंदू शेजारी खांद्याला खांदा लावून बसला होता, तरी दादाने फोन काढला आणि तो फोटो कितीतरी वेळ बघत राहिला. माझ्या फोनवर त्याच्या नावापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या.