नवऱ्याच्या वतीने

उपेंद्र कारखानीसला प्राचीन संस्कृतींचा नाद लागला तो सत्त्याण्णव साली, आणि त्याचा पहिला फटका बाथरूमला बसला.

दुबईच्या देरा भागात, नईफ रस्त्याच्या मागच्या एका इमारतीत दोन कुटुंबांनी मिळून एक फ्लॅट घेतला होता. एका खोलीत उपेंद्र, त्याची बायको मनोरमा आणि चौथीतली रिद्धी. दुसऱ्या खोलीत रत्नागिरीकडचा यूनुस मुकादम, त्याची बायको शहनाझ आणि त्यांचा लहानगा तहा. स्वयंपाकघर एक आणि बाथरूमही एकच. उपेंद्र सकाळी तिथे जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन शिरायचा आणि बाहेर यूनुस खांद्यावर टॉवेल टाकून येरझाऱ्या घालायचा.

"उपेंद्रभाऊ, यल्ला, आटपा! दुकान उघडायचंय मला!"

"यूनुसभाई, मोहेंजोदडोत जवळजवळ प्रत्येक घराला स्वतंत्र न्हाणीघर होतं," आतून उत्तर यायचं.

"मग तिकडे जाऊन बसा ना! इकडे एकच आहे."

उपेंद्र एका शिपिंग कंपनीत हिशेब बघायचा. माणूस सालस. कधी कोणावर आवाज चढवला नाही की कोणाचं वाईट चिंतलं नाही. फक्त तो घरात असूनही घरात नसायचा. जेवायला बसला की भाताबरोबर सुमेर, आमटीबरोबर इजिप्त. एकदा त्याने सांगितलं, "साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू खोऱ्यातले व्यापारी जहाजं घेऊन याच किनाऱ्यावर यायचे. म्हणजे आपली माणसं तेव्हापासून गल्फमध्ये आहेत."

"फॅमिली व्हिसावर की बॅचलर?" यूनुसने माशाचा काटा काढत विचारलं.

उपेंद्रने हा प्रश्न गंभीरपणे घेतला. थोडा विचार करून तो म्हणाला, "त्याचा ठोस पुरावा नाही."

तर अशा या माणसाला मराठी मंडळाच्या चिटणीस सुजाता सबनीस यांचा फोन आला. पुण्याहून येणाऱ्या गायकाचा व्हिसा अडकला होता आणि शुक्रवारचा कार्यक्रम रिकामा होता. उपेंद्र काही बोलेल का? उपेंद्रने फोन ठेवायच्या आधीच विषयही सांगून टाकला : 'प्राचीन संस्कृतींतील धर्म, समाज आणि कुटुंबजीवन'.

"चालेल," सुजाताताई म्हणाल्या. "पण आटोपशीर ठेवा हं. आणि काहीतरी बघण्यासारखं असू द्या. लोक जेवणासाठी येतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे."

बघण्यासारखं काय ठेवावं, याचं उत्तर उपेंद्रला पुस्तकातल्या एका चित्रात सापडलं. सुमेरच्या देवळातले छोटे दगडी पुतळे. मोठाले डोळे, छातीशी जोडलेले हात. रात्रीच्या जेवणाला त्याने ते चित्र सगळ्यांना दाखवलं.

"हे देव नाहीत बरं का. हे भक्त आहेत. त्या काळी माणसाला रोज देवळात उभं राहणं जमायचं नाही. मग तो स्वतःचा पुतळा करून घ्यायचा आणि देवापुढे ठेवायचा. माणूस आपल्या कामाला मोकळा आणि पुतळा त्याच्या वतीने अखंड प्रार्थनेत!"

मनोरमाने पोळी वाढता वाढता हात थांबवला. "म्हणजे हा बाजारात, आणि देवापुढे तिसरंच कोणीतरी ताटकळत उभं?"

"अगदी बरोबर पकडलंस!" उपेंद्र खूश झाला.

मनोरमाने शहनाझकडे पाहिलं. शहनाझने मनोरमाकडे पाहिलं. शहनाझला एकदम ठसका लागला.

उपेंद्रची कल्पना अशी होती की व्याख्यान चालू असताना या दोघींनी मंचावर पुतळे होऊन उभं राहायचं. शहनाझने आधी खात्री करून घेतली. "भाऊ, त्या पुतळ्याची कोण पूजा करत नव्हते ना?"

"छे छे. उलट तोच देवाची प्रार्थना करायचा."

"मग हरकत नाय. हात बांधून उभी राहायची आपल्याला सवय आहे."

चित्रातल्या घागऱ्यांना लोकरीचे झुपके होते. शहनाझने फरशी पुसायच्या मॉपचे नवेकोरे दोरे आणून ते पांढऱ्या चादरींवर शिवले. डोळे मोठे दिसावेत म्हणून भरपूर सुरमा घातला. तयार झाल्यावर दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की सुरमा गालावर उतरला आणि पुन्हा सगळं करावं लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी करामा भागातला हॉल भरला. मागच्या बाजूने बटाटेवड्यांचा वास येत होता, त्यामुळे श्रोत्यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. मंचावर डाव्या अंगाला दोन पुतळे हात जोडून उभे राहिले. माइकपाशी उपेंद्र उभा राहिला आणि म्हणाला, "पुतळ्यांकडे आपण लवकरच येऊ."

पण तो पुतळ्यांकडे येईचना. आधी नद्या आल्या, मग शेती, मग विटा. विटांवर तो फार रमला. पहिल्या रांगेत बसलेली रिद्धी पाय हलवू लागली. यूनुस घड्याळ बघू लागला. मनोरमाचे खांदे भरून आले. शहनाझच्या नाकावर एक माशी बसली, उडाली, परत येऊन बसली.

"या समाजात," उपेंद्र सांगत होता, "कुटुंब अतिशय घट्ट बांधलेलं होतं. घराचा कर्ता पुरुष प्रत्येक गोष्टीत जातीने लक्ष घालत असे."

तेवढ्यात मंचावरून हलका आवाज आला. "शहनाझ, तुझे यजमान कुठे गं?"

मनोरमाने ते कुजबुजतच विचारलं होतं. पण दुसरा माइक तिच्या पायाशीच होता आणि तो चालू होता.

"बाजारात गेलेत," दुसरा पुतळा ओठ न हलवता म्हणाला.

"येतील कधी?"

"येतील, इन्शाल्ला."

हॉलमध्ये खसखस पिकली. उपेंद्रने मान वळवली. "पुतळे बोलत नसत," त्याने लोकांना समजावलं.

"चार हजार वर्षं नव्हतोच बोलत," मनोरमा म्हणाली. "आता हात दुखायला लागले."

आता मात्र लोक मोकळेपणाने हसले. बटाटेवड्यांकडे वळलेल्या माना पुन्हा मंचाकडे फिरल्या. आणि एकदा हसू मिळाल्यावर माघार घेतील अशा त्या दोघी नव्हत्या.

"माझ्या मालकांनी मला डॉक्टरकडे ठेवलाय," शहनाझ म्हणाली. "पोराला ताप आला की त्यांच्या वतीने मी उभी. डॉक्टर विचारतात, बाप खय आहे? मी सांगते, दुकानात."

इतका वेळ मोठमोठ्याने हसणारा यूनुस एकदम खुर्चीत खाली सरकला.

"माझ्यांनी मला चार ठिकाणी ठेवलंय," मनोरमा म्हणाली. "गणपतीत आरतीला त्यांच्या वतीने मी. दर आठवड्याला सासूबाईंशी फोनवर त्यांच्या वतीने मी. लग्नकार्याला मी, शाळेत मी. परवा देवानेसुद्धा विचारलं, बाई गं, ते आहेत ना सुखरूप?"

बायकांची बाजू तर डोळे पुसत होती. सुजाता सबनीस पदर तोंडाला लावून खांबाआड गेल्या.

उपेंद्रचे कान लाल झाले. हातातले कागद त्याने उगाच सारखे केले. त्याला राग आला, हे खरंच. एवढी तयारी, एवढं वाचन, आणि विटांच्या जागी टाळ्या मिळाल्या त्या मॉपच्या दोऱ्यांना! त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. रिद्धीही हसत होती. पण त्याची नजर आपल्याकडे वळलेली दिसताच ती हसायची थांबली आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली, बाबा आता काय करणार म्हणून.

मग उपेंद्रने जे केलं ते त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. त्याने प्रामाणिकपणे शंका विचारली.

"शाळेत मी कधीच आलो नाही?"

"तिची तुकडी सांगा," मनोरमाचा पुतळा म्हणाला.

उपेंद्रने विचार केला. सगळा हॉल त्याच्याबरोबर विचार करू लागला.

"क?" तो म्हणाला.

"बी!" पहिल्या रांगेतून रिद्धी ओरडली.

त्यानंतर व्याख्यान पुढे जाणं शक्यच नव्हतं. उपेंद्रने कागदांची घडी केली, माइकपाशी वाकला आणि म्हणाला, "मंडळी, विटा पक्क्या भाजलेल्या होत्या, एवढं लक्षात ठेवा. आता जेवायला चला." त्याला संध्याकाळभरातली सगळ्यात जोरदार टाळी पडली ती यावर.

परतताना सगळे एकाच टॅक्सीत दाटीवाटीने बसले. यूनुस तहाला मांडीवर घेऊन पुढे बसला होता आणि एरवी कधी न विचारलेलं विचारत होता : याला औषध कुठलं चालू आहे, किती वेळा द्यायचं. मागे मनोरमाने गालावरचा सुरमा रुमालाने पुसला.

"रागावलात?"

"नाही," उपेंद्र म्हणाला. मग थोड्या वेळाने, "थोडासा."

"जास्तच बोलले का मी?"

"आईच्या फोनचं नको होतं. ती म्हणेल काय?" तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. "आणि मला शेवटी इजिप्तवर बोलायचं होतं गं."

"इजिप्त थोडक्यात बचावलं," मनोरमा म्हणाली. शहनाझला पुन्हा ठसका लागला. यावेळी उपेंद्रही हसला, जरा उशिराने, पण मनापासून.

पुढच्या आठवड्यात रिद्धीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. उपेंद्रने कोणाला न सांगता ऑफिसातून रजा काढली. शारजाच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकला, शाळेचं फाटक चुकला आणि अखेर घामाघूम होऊन एका वर्गासमोरच्या रांगेत उभा राहिला. बराच वेळ झाल्यावर कोणीतरी त्याची बाही ओढली.

"बाबा, धिस इज केजी. यू आर इन द रॉंग लाइन."

चौथी ब च्या झुबेदा मिस हैदराबादच्या होत्या. त्यांनी उपेंद्रकडे चष्म्यावरून पाहिलं. "आप रिद्धी के अंकल हैं?"

"फादर," उपेंद्र म्हणाला.

"अच्छा, अच्छा." बाईंनी समोरची छोटी खुर्ची दाखवली. उपेंद्र तिच्यात कसाबसा मावला. मार्क ठीक होते. गणित जरा कच्चं होतं. "लेकिन सर, एक बात है," बाई म्हणाल्या. इतिहासाच्या तासाला रिद्धी फार बोलायची. मागच्या आठवड्यात तिने सगळ्या वर्गाला सांगितलं की प्राचीन इजिप्तमध्ये जेवताना मुलं बोलत नसत. का, तर प्रत्येक घरात एक बाबा असायचा आणि तोच बोलायचा. "मैंने किताब में ढूंढा. कहीं नहीं मिला."

उपेंद्रने रिद्धीकडे पाहिलं. रिद्धी छताच्या पंख्याचा अभ्यास करत होती.

बाहेर आल्यावर दोघांनी समोरच्या कॅफेटेरियात आंब्याचा रस घेतला. उपेंद्रला सांगण्यासारखं खूप काही सुचत होतं. इजिप्तमधल्या मुलांच्या खेळण्यांबद्दल तर हमखास. त्याने मोठा घोट घेतला आणि ते सगळं गिळून टाकलं.

"शाळेत तुझी खास मैत्रीण कोण?" त्याने विचारलं.

"मिहिका. बट शी इज लीव्हिंग." रिद्धीने स्ट्रॉने ग्लासाचा तळ ढवळला. मिहिकाच्या बाबांचं काम संपलं होतं. ते सगळे सुट्टीआधीच नागपूरला जाणार होते, कायमचे. मिहिकाला तिथली शाळा कशी असते ठाऊक नव्हतं. तिला मराठी वाचताही नीट येत नव्हतं. ती बसमध्ये रडली होती. रिद्धी सांगत राहिली, आधी इंग्रजीत, मग मध्येच मराठीत. उपेंद्र ऐकत राहिला. समोरून दोन रिकाम्या टॅक्सी निघून गेल्या, तरी त्याने हात केला नाही.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "आपण पण जाणार का?"

आपल्या कंपनीचं काय चाललंय ते उपेंद्रलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण कळलं की सगळ्यात आधी तुला सांगेन. आईच्याही आधी."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

रिद्धीने थोडा वेळ त्याला निरखलं. मग "ओके" म्हणून तिने त्याचा अर्धा उरलेला ग्लास आपल्याकडे ओढला आणि सावकाश संपवला.