काखेत थर्मास धरून भरलेला रोल

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं मी ठरवलं होतं. दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. कारण यात एक चूक आहे, आणि ती होत होती तेव्हा मला कळत होती. मला बोलता येत नाही, हे खरंच. पण कळत होतं, हेही खरंच.

मी एक जुना कॅमेरा आहे. फिल्मचा, पोटात आरसा असलेला. माझ्या जातीचे बहुतेक कॅमेरे विटेएवढे जड. गळ्यात अडकवले की मान दुखते, मग माणसं त्यांना घरीच ठेवतात आणि फक्त लग्नाला बाहेर काढतात. मी मात्र लहान. कोटाच्या खिशात मावतो. एका हातात बसतो. म्हणूनच मला रोज बाहेर जायला मिळालं.

माझा जन्म जपानमधला. तिथलं फार आठवत नाही. ज्या बाईनं माझे स्क्रू पिळले तिच्या बोटांना संत्र्याचा वास होता, एवढंच. मग मासेमारीच्या जहाजावरच्या एका इंजिनियरनं मला घेतलं आणि जगाला वळसा घालून मोन्तेविदेओच्या बंदरात आणलं. जुलै महिना होता, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा. बिचारा थंडीनं काकडला होता. धक्क्यावरच त्यानं मला एका पोराच्या हातात दिलं आणि बदल्यात पोराच्या अंगातलं चामड्याचं जाकीट स्वतः घालून निघून गेला.

तो पोरगा म्हणजे दार्दो पिरिस. पंचवीस वर्षांचा, अंगानं भरलेला, घरोघरी जाऊन विजेची मीटरं वाचायचा. जिन्याखाली वाकायचं, आकडा लिहायचा, बाईची तब्येत विचारायची, पुढच्या घरी जायचं. डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाची, म्हणजे कडू पाल्याच्या चहाची, भोपळी, भोपळीत नळी. चालता चालता तो कडू काढा ओढत राहायचा. आमच्याकडे सगळेच तसे चालतात. कुणाच्या काखेतून थर्मास खाली आलेला दिसला तर समजायचं, माणूस झोपलाय नाहीतर आजारी पडलाय.

माझी जागा त्याच्या चामडी पिशवीत, येर्बाच्या पुड्याला लागून. चोवीस वर्षं.

चांगले दिवस होते ते. मीटरच्या पेटीवर झोपलेलं मांजर. भंगारवाल्याच्या गाडीचा घोडा, ज्याच्या डोक्यावर कुणीतरी बाईची टोपी घातली होती. पाऊस पडला की दारात कढई मांडून पुऱ्या तळणाऱ्या दोघी बहिणी. दार्दो थांबायचा, एका हातानं मला काढायचा, टक् करायचा, परत पिशवीत. एका वर्षी त्याच्या कामगार संघटनेच्या कॅलेंडरवर ऑगस्ट महिना आमचा होता. घोडा आणि टोपी. लोक दार्दोला रस्त्यात थांबवून म्हणायचे, "ऑगस्ट तुझा ना?" तो म्हणायचा, "ह्याचा," आणि पिशवीवर थाप मारायचा.

पण येर्बाची भुकटी फार बारीक असते, मित्रांनो. पुडा कितीही बांधा, ती बाहेर येते. माझ्यात शिरायची. वर्षातून एकदा आरसा अडकायचा, आणि मग आम्ही काड्याकडे जायचो.

काड्याचं खरं नाव अरियोस्तो बेंतांकोर. घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करायचा. जिन्याखाली कपाटाएवढी जागा. इतका बारीक की टेबलावर वाकला की दोन्ही कोपरं पंखांसारखी बाहेर यायची. तो मला उघडायचा, फुंकर मारायचा, आणि टेबलावर हिरवा ढीग पडायचा.

"जाड्या, हे काय आहे?"

"कॅमेरा."

"नाही. ही भोपळी आहे. गरम पाणी ओतलं तर तीन माणसांना पुरेल."

"ओत मग. मला साखर नको."

"वेगळी पिशवी घे रे ह्याला. माणूस आहेस का कोण आहेस?"

"दोन दोन पिशव्या घेऊन फिरायला मी काय जहाजातून उतरलोय?"

हे दर वर्षी. शब्दसुद्धा तेच. काड्यानं दार्दोला एकच नियम शिकवला होता. "रोल भरलास की दांडी ओढ आणि ह्या डावीकडच्या चाकाकडे बघ. चाक फिरलं म्हणजे फिल्म चाललीय. नाही फिरलं तर तू नुसते हवेचे फोटो काढतोयस."

हजारो कॅमेरे त्या माणसाच्या हाताखालून गेले, पण त्याचा स्वतःचा फोटो नव्हता. कुणी कॅमेरा रोखला की हात आडवा. "मी मागच्या बाजूचा माणूस. पुढे माझं काय काम?" बायको लवकर गेली. एक मुलगी, यामिला. तिचे फोटो भरपूर होते. सगळे त्यानंच काढलेले, त्यामुळे एकातही तो नाही.

ज्या वर्षी बँका बंद पडल्या त्या वर्षी यामिला स्पेनला गेली, विगोला. अर्धी गल्लीच गेली तेव्हा. दार्दोनं रोल घेणं बंद केलं. मी पिशवीत तसाच, येर्बा खात.

पुढच्या वर्षी काड्याच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनची तारीख दीड-दोन महिन्यांनंतरची मिळाली.

एका रविवारी काड्याच्या दुकानात फोन वाजला. तो आत तोंड धूत होता म्हणून दार्दोनं उचलला. मी टेबलावरच होतो.

"दार्दोकाका, बरं झालं तुम्ही घेतलात," यामिला म्हणाली. "माझ्याकडे बाबांचा एकही धड फोटो नाही. ओळखपत्रावरचा आहे, त्यात ते चोर दिसतात. मला येता येत नाही काका, कागद झालेले नाहीत, आत्ता निघाले तर परत घेणार नाहीत मला. तुम्ही काढाल? बसवून, हसवून नका काढू. येर्बा पिताना, शिव्या देताना, तसे."

"शिव्या देतानाचे काढायचे तर एक रोल पुरणार नाही बाळा," दार्दो म्हणाला. ती हसली.

रोल मिळणं अवघड झालं होतं. एका दुकानदाराच्या खणात तळाशी एकच सापडला. छत्तीस फोटोंचा. दार्दोनं ठरवलं, रोज एक. संध्याकाळी ते दोघं नदीकाठच्या भिंतीवर बसायचेच. तिथे रोज एक टक्.

आता ती चूक.

पहिल्याच दिवशी भिंतीपाशी वारा होता. दार्दोनं माझी पाठ उघडली आणि रोल भरायला लागला. थर्मास काखेत. म्हणजे डावा हात कोपरापासून बांधलेला, नुसती बोटं मोकळी. समोर पुरुषभर रुंद भिंत होती, ठेवला असता थर्मास. त्याच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे कुणाच्याच मनात येत नाही. फिल्मची जीभ फिरकीच्या खाचेत जेमतेम टेकली. तेवढ्यात लांबून काड्या येताना दिसला. दार्दोनं घाईनं पाठ मिटली, दांडी ओढली. जीभ सुटली. मला आत कळलं. ओढ नव्हती. डावीकडचं चाक हललं नाही, आणि दार्दो चाकाकडे बघतच नव्हता. तो काड्याकडे बघत होता.

टक्.

"हे काय नवीन?" काड्या म्हणाला.

"यामिलाला पाठवायचेत. हात आडवा घातलास तर तिला सांगेन."

मुलीचं नाव ऐकून त्यानं हात खाली केला.

मग रोज. पहिले आठ दिवस तो तोंड पाडून बसायचा. नवव्या दिवशी केस विंचरून आला. दार्दोनं ते पाहिलं आणि टक् केलं. मग तो विसरला की मी आहे. नळी ओढून गाल आत गेलेला काड्या. मासे धरणाऱ्यांना शिव्या घालणारा काड्या. एकदा बोटीकडे बघत गप्प बसलेला, तेव्हा यामिलासारखा दिसला. मी सगळं पाहिलं, मित्रांनो. पण मी पाहतो ते आरशात, आणि आरसा काही धरून ठेवत नाही. धरून ठेवते ती फिल्म. ती जागची हलत नव्हती. सगळे काड्या त्याच एका बोटभर तुकड्यावर, एकावर एक, पडत होते. तो तुकडा तर भरतानाच उजेडानं जळून गेला होता.

नेहमी मला हातात घेऊन चाक तपासणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पुढे बसला होता. मग तपासणार कोण?

एका शुक्रवारी माझ्या फोटो मोजणाऱ्या चकतीवर छत्तीस आला. दार्दोनं दांडी ओढली, ती ओढली गेली. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.

"काड्या, हा रोल बघ किती दिलदार आहे. संपतच नाही."

काड्याच्या तोंडातली नळी थांबली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग दार्दोकडे. दार्दो इतका खूश होता.

"दे इकडे," काड्या म्हणाला. "तू तोडशील. मी गुंडाळतो, आतली येर्बापण काढतो."

शनिवारी सकाळी त्यानं दुकानात मला हातात घेतलं आणि फिल्म परत गुंडाळायची कळ हलकेच फिरवली. जड लागली नाही. पाठ उघडली. अख्खा रोल तसाच. मग मलाच म्हणाला, "आत्ता सांगितलं तर तो गाढव रडत बसेल. सोमवारचं ऑपरेशन होऊ दे. आल्यावर सांगतो, दोघं हसू."

त्यानं जळालेला तुकडा कापला, नवी जीभ केली, खाचेत नीट अडकवली, दांडी ओढली. चाक फिरलं. "रिकामा नको जायला," तो म्हणाला.

आणि त्यानं फोटो काढायला सुरुवात केली. टेबलावरच्या चिमट्यांचा. भिंगाचा. यामिला लहानपणी बसायची त्या तिपाईचा. स्वतःच्या डाव्या हाताचा; तो जमला, कारण मी लहान, त्याच्या उजव्या हातात पुरा मावलो. दहा फोटो. प्रत्येक फोटोला तो श्वास धरायचा.

रविवारी भिंतीपाशी तो म्हणाला, "उभा राहा जाड्या. तुझा एक."

"रोल संपला ना?"

"एक ठेवलाय मुद्दाम. गप्प उभा राहा."

दार्दो उभा राहिला. काखेत थर्मास, कपाळाला आठ्या. टक्. काड्यानं रोल गुंडाळला आणि दार्दोच्या खिशात घातला. "आठवड्यानं धुवायला टाक, मी आल्यावर. आणि एक वचन दे. ह्यापुढे रोल भरताना थर्मास खाली ठेवायचा."

"खाली? लोक काय म्हणतील? मी काय नदीपलीकडच्या देशातला आहे?"

"दे ना रे."

"जा, आधी बरा होऊन ये. मग बघू."

सोमवारी ऑपरेशन झालं. बुधवारी काड्या गेला.

दार्दोनं रोल धुवायला टाकला. त्याला वाटत होतं, आत एकोणचाळीस काड्या आहेत. पाकीट उघडलं तर चिमटे, भिंग, तिपाई, एक हात. शेवटी तो स्वतः, आठ्या घालून. तो आधी दुकानदाराशी भांडला, पाकीट बदललं म्हणून. मग तिपाई ओळखली. बहुतेक तेव्हाच त्याला सगळं उलगडलं, कारण त्यानं मला उचललं आणि माझं डावीकडचं चाक अंगठ्यानं फिरवत बसला.

काड्याच्या टेबलावरचं भिंग त्यानं आणलं होतं. शेवटच्या फोटोवर धरलं. काखेतल्या थर्मासच्या चकचकीत पत्र्यात नखाएवढा एक माणूस उभा होता. बारीक. दोन्ही कोपरं पंखांसारखी बाहेर. आणि तोंडाच्या जागी मी.

हे सांगायचं नव्हतं मला. ओळखपत्रावरचा सोडला तर त्याचा तो एकच फोटो आहे, आणि त्यात त्याचं तोंड मी झाकलंय.

दार्दोनं सगळे फोटो विगोला पाठवले. यामिलाचा फोन आला. "काका, हात बाबांचाच आहे," ती म्हणाली. "शेवटच्यात तोंड दिसत नाही. पण कोपरं आहेत. तशी कोपरं दुसऱ्या कुणाची नाहीत."

त्यानंतर दार्दोनं मला कपाटात ठेवलं. चार वर्षं. आतला फोम चिकट झाला, काचेवर बुरशीचा ठिपका आला. तक्रार नाही. मीही कुणाला तोंड दाखवायच्या लायकीचा नव्हतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एक माणूस असेल, जो सगळ्यांचे फोटो काढतो आणि स्वतः कुठेच नसतो. एकदा त्याच्या हातातून कॅमेरा काढून घ्या. आणि घाई करू नका. दोन्ही हात मोकळे करा. चाक फिरतंय ना, बघा. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना कोरड्या जागी ठेवा, कधीतरी बाहेर काढा. आम्हाला ओरडता येत नाही. आमच्याकडे बघावं लागतं.

गेल्या वर्षी यामिलाचे कागद झाले आणि ती आली. आल्या आल्या म्हणाली, "काका, भिंतीवर चला. कॅमेरा घ्या. मला तुमचा फोटो हवाय, तोंडासकट." रोल तिनं आणला होता.

वारा तसाच होता. दार्दोनं माझी पाठ उघडली. थोडा थांबला. मग काखेतला थर्मास काढला आणि भिंतीवर ठेवला. शेजारचा मासे धरणारा म्हणाला, "काय काका, बरं नाही वाटत का?"

दार्दोनं रोल हातात घेतला. दोन्ही हातांनी जीभ खाचेत अडकवली, पाठ मिटली, दांडी ओढली. चाक फिरलं. त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा फिरलं.

मला यामिलाच्या हातात देण्याआधी तो भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे वळला, जिथे काड्या बसायचा, आणि हळूच म्हणाला, "दिलं वचन, काड्या. ह्यापुढे रोल भरताना थर्मास खाली."