एसीसाठी बुजवलेली खिडकी

दुकानातच प्रविणनं बायकोचा, मंजुषाचा दंड चिमटीत धरून पिळला. "आपल्याला कूलरच बरा," एवढंच ती म्हणाली होती.

दुकानदाराला ते दिसलं नाही. तो सांगत होता, "वहिनी, कूलर बाहेरची हवा आत ओढतो, त्याला खिडकी उघडी लागते. अन् परळीत बाहेरची हवा म्हणजे थर्मल वीजकेंद्राची राख. विंडो एसी खिडकीतच बसतो, पण आवाज लई. स्प्लिटला मात्र खोली बंद पाहिजे. फट ठेवायची न्हाई."

"स्प्लिटच द्या," प्रविण म्हणाला. "पार बंद करून टाकतो खोली."

मंजुषाला कूलर हवा होता तो त्या खिडकीसाठी. झोपायच्या खोलीची खिडकी शेजारच्या जुलेखाबींच्या अंगणात उघडायची. प्रविणचा राखेच्या विटांचा कारखाना होता, गावात मान होता. घरात मात्र भाजीत मीठ कमी पडलं तरी तो हात उचलायचा. मंजुषा ओरडली की जुलेखाबी अंगणातून हाक द्यायच्या, "ए मंजू, क्या हुआ गे?" तेवढ्यानं त्याचा हात थांबायचा. चार लोकांत बोभाटा झालेला त्याला चालायचा नाही.

घरी येताच त्यानं तिला भिंतीवर आदळलं. "लोकात तोंड कावून उघडलंस?"

"अहो, कूलर नको तर विंडो एसी तरी घ्या..."

त्यानं तिची करंगळी धरली आणि मागं वाकवली. हाड मोडल्याचा आवाज झाला. ती किंचाळली. खिडकीतून लगेच हाक आली. प्रविणनं हात सोडला, खिडकीकडं बघितलं आणि हसला.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. कारखान्यातल्याच विटांनी त्यानं खिडकी बुजवायला घेतली. मंजुषाची सासू, सावित्रीबाई, पुढच्या खोलीत शेंगा फोडत बसली होती. मंजुषा तिच्याजवळ गेली.

"आत्याबाई, ह्यांना सांगा ना. खिडकी ऱ्हाऊ द्या म्हणावं."

"माझं ऐकतो का त्यो?" सावित्रीबाईनं मान वर केली नाही. "आमी बी खाल्लाच की मार. तुझा सासरा तर रस्त्यावर आणून मारायचा."

एसी बसला. मिस्त्री गेल्यावर प्रविणनं खोली गार होऊ दिली. मग भर दुपारी मंजुषाला आत बोलावलं आणि दाराला कडी घातली. त्या दिवशी भांडण नव्हतं, कारणही नव्हतं.

"ओरड आता," तो म्हणाला. "बघू कोण येतं."

पट्ट्याचा पहिला फटका मानेवर बसला, दुसरा कानावर. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं आणि बकलानं फाटलेल्या पाळीतून रक्त गळ्यावर उतरलं. ती ओरडली, पुन्हा ओरडली. बाहेरून कुणी हाक दिली नाही. प्रविण थोडा वेळ कान देऊन उभा राहिला. त्याची खात्री पटली, तशी त्याची घाईही संपली. दम लागला की थांबायचा, गार हवेत घाम वाळवायचा, पुन्हा पट्टा उचलायचा. शेवटी त्यानं तिच्या छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी गळा धरला.

सावित्रीबाईला दाराआडून सगळं ऐकू येत होतं. असं ऐकत बसायची तिला सवय होती. पण एकाएकी ओरडणं थांबलं आणि तिच्या हातातली शेंग गळून पडली. तिनं दार बडवलं. दार उघडेना. तेव्हा तिनं स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता उचलला आणि मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला.

एसी बंद पडला, खोलीत मिट्ट अंधार झाला. शिव्या देत प्रविणनं कडी काढली.

"लाईट कुणी घालवली?"

"म्या."

त्यानं आईला ढकललं. चौकटीवर आपटून तिचं कपाळ फुटलं, ती खाली पडली. पडल्या पडल्याच तिनं बत्ता त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला आणि त्यानं तिचे केस मुठीत धरून तिचं डोकं फरशीवर आपटलं.

मंजुषा खोलीतून रांगत आली. तिनं बत्ता घेतला आणि त्याच्या मनगटावर मारला. मूठ सुटली तरी ती मारत राहिली, मनगटावर, खांद्यावर, मिळेल तिथं. प्रविण आईच्या नावानं ओरडायला लागला.

"बास, पोरी," सावित्रीबाई म्हणाली. "मरंल त्यो."

मंजुषानं बत्ता टाकला आणि रस्त्याकडचं दार सताड उघडलं. तिला बघून जुलेखाबी धावत आल्या, त्यांच्यामागं सगळी गल्ली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. टाके घातलेल्या सावित्रीबाईला तो म्हणाला, "मावशी, पोटचा पोरगा हाय. नीट इचार करून सांगा."

"केला इचार. त्यो तिचा गळा दाबत व्हता, लिवा. त्याचा गुडगा म्या फोडला. तिचं नाव त्यात घालू नका."

"मनगट मी फोडलं," पलीकडच्या खाटेवरून मंजुषा म्हणाली. तिचा आवाज घोगरा निघत होता. "ते बी लिवा."

दवाखान्यातून दोघी परळीला परत गेल्या नाहीत. मंजुषाच्या भावानं त्यांना धारूरला नेलं. खटला अजून चालू आहे. प्रविण जामिनावर सुटला आहे, कुबडी घेऊन चालतो. मंजुषाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. बाजारात तिला मागून हाक कळत नाही, म्हणून सावित्रीबाई तिच्या खांद्याला हात लावते. पहिले काही महिने मंजुषा त्या हातानं दचकायची. एकदा तर तिनं तो जोरात झटकला. सावित्रीबाईनं तो पुन्हा तिच्या खांद्यावर ठेवला.