सकाळची तपासणी

"झालं! लागलं परत तपासायला," बाबांनी कपाळाला हात लावला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकत होत्या: डिस्कची तपासणी चालू आहे, थांबा. "आयुष्यभर टायपिंग केलं, पण टाइपरायटरनं असला नखरा कधी केला नाही."

लेक कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. जगाची मशीनं सुधारणारीच्या बापाचंच मशीन अडून बसलेलं, म्हणजे दिव्याखाली अंधार! मशीन चालवणारी लिनक्स ही प्रणालीही तिनंच घालून दिली होती. या तपासणीत अर्धी सकाळ जायची. बाबा ज्यांचं टायपिंग करून द्यायचे, त्या वकीलसाहेबांचे कागद दोनदा उशिरा गेले होते; पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देईन, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. आई गेल्यापासून बाबांना त्या कामाचाच काय तो आधार होता.

मशीनच्या आतल्या घड्याळाची बॅटरी उतरली की असं होतं, म्हणून मागच्या खेपेला तिनं ती बदलली होती. फरक शून्य. आज तिनं मशीनमधल्या नोंदी उघडल्या. रोज एकच रड: मशीन नीट बंद केलेलं नाही, म्हणून तपासणी.

"बाबा, तुम्ही थेट वायर उपटता का?"

"मी काय खुळा आहे? रीतसर बंद करतो. तुझ्या मशीनमध्येच खोट आहे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती भाजी निवडत संध्याकाळपर्यंत थांबली. काम संपवून बाबांनी मशीन अगदी रीतसर बंद केलं. तिला हायसं वाटलं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि थबकले.

"बंद केलं का मी?" पुटपुटत ते परत आले आणि खात्री करायला त्यांनी बटण दाबलं. मशीन सुरू झालं.

"बघ, राहिलंच होतं!" म्हणत त्यांनी भिंतीतली पिन खेचली.

तिनं निवडलेली भाजी बाजूला ठेवली.

"सापडला का बिघाड?"

"वायर... जुनी झालीय, बाबा."

"थापा मारू नकोस." ते खुर्चीत बसले. "गॅसचंही हल्ली असंच होतंय. मशीनचा दोष निघू दे, एवढंच मनात म्हणत होतो."

ती खरं तर ती तपासणी कायमची बंद करायला आली होती. तो विचार तिनं सोडला. संध्याकाळी विसकटलेलं सकाळी ती तपासणीच सावरून घेत होती.

"मी रोज येत जाईन. आपण दोघं मिळून बंद करू."

"रोज कशाला? तुला तुझा संसार आहे." मग हळूच म्हणाले, "आत्ता पिन काढली ना गं मी?"

पिन त्यांच्या मुठीतच होती.

"काढलीत, बाबा," ती म्हणाली.