परत आलेली चहाची पानं

मी एक जुना, तीन पुडांचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा आहे. म्यानमारमधल्या यांगोनच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. सिनेमातली म्या सांदी माझ्यातलंच जेवायची. चित्रीकरणाला कितीही पक्वान्नं असोत, तिला आईच्या हातचंच लागे. "एवढी मोठी नटी आणि डबा बघा," लोक हसायचे. मला मात्र तो अभिमान वाटे.

मग लष्कराने राज्य ताब्यात घेतलं. सांदी नर्सबायांच्या मोर्चात पुढे चालली आणि चौथ्या दिवशी तिला घरातून उचलून नेलं. तेव्हापासून मी दर आठवड्याला तिच्या आईच्या हातून तुरुंगात जातो.

तिथे, मित्रांनो, माझ्यावरही संशय. शिपाई भातात तार खुपसतो.

"काय लपवलंय, म्हातारे?"

"माशाचे काटे आहेत, बाबा. जपून," आई म्हणते.

आईचाही संशय कमी नाही. लेकीला मिळतं, की हे शिपाईच खातात? घरी आल्यावर ती माझा वास घेऊन बघते. खालच्या पुडात लाफे असतं, म्हणजे मुरवलेली चहाची पानं, वर तळलेला लसूण नि तीळ. ते नेहमी बोटाने निपटून संपवलेलं असे. तसं निपटणारी एकच. आईला तेवढा पुरावा पुरे होता.

एकदा सरकारी बातम्यांत आलं, म्या सांदीने माफी मागितली. फाटकावरचे साहेब आईला म्हणाले, "लेकीने सही केली. 'मुलगी चुकली' म्हणून तुम्हीही करा, पंधरवड्यात घरी येईल."

"पुढच्या आठवड्यात सांगते," आई म्हणाली.

आत त्याच साहेबांनी लाफे सांदीपुढे सरकवलं. "आईने सही केली. आता खा आणि मिटवून टाक."

"माझ्या आईने?"

तिने भात खाल्ला, मासा खाल्ला. खालचा पूड तसाच बंद केला.

घरी तो भरलेला पाहून आई म्हणाली, "आजारी आहे. नाहीतर तिथे नाहीच."

शेजारच्या सो यी मावशी डोकावल्या. सांदीची चुगली लष्कराकडे यांनीच केली असावी, असा आईचा दाट संशय होता.

"अगं, भांडण मिटलं की आपल्यात दोघं लाफे खातात. खाल्लं म्हणजे निवाडा मान्य. तिने खाल्लेलं नाही."

"तू मला हे का सांगतेस?"

"ठेव माझ्यावर संशय. थोडा त्या साहेबांवरही ठेव."

पुढच्या आठवड्यात आईने सहीच्या कागदाला हात लावला नाही. "चष्मा विसरले हो," म्हणाली. आणि माझा खालचा पूड रिकामाच पाठवला. सांदीने तो उघडला, आत पाहिलं आणि तुरुंगात पहिल्यांदा हसली.

सांदीची शिक्षा वाढली. मी अजून ये-जा करतो, पोचे पडलेत, कडीही सैल झाली आहे.

मित्रांनो, कुणाचा डबा घरी आला की लगेच नळाखाली धरू नका. आधी उघडून बघा, काय खाल्लंय आणि काय ठेवलंय. ज्याला बोलू देत नाहीत, त्याचं म्हणणं तिथेच असतं.