माथ्यावरचं नमन

समरची अट साधी होती. बाबांनी त्याच्याबरोबर होहे आख्टच्या डोंगरावर स्की लावून चढायचं आणि स्की करतच उतरायचं. मग रामनवमीच्या कीर्तनात तो टाळ घेऊन त्यांच्यामागे उभा राहील. पुढे नोकरीसाठी तो वोल्फ्सबुर्गला जाणार होता. एकुलत्या एका मुलानं एकदा तरी मागे उभं राहावं, एवढीच ह्यांची इच्छा.

बॉनमध्ये हे हौसेनं कीर्तन करतात, मी ऐकते. साठीच्या माणसानं हिवाळाभर स्कीचे धडे घेतले. पडून काळेनिळे झाले. मी पाठीला तेल चोळायची, हे पूर्वरंग घोळवायचे.

होहे आख्ट म्हणजे आयफेल डोंगररांगेतला विझलेला ज्वालामुखी. मी पायवाटेनं आधीच माथ्यावरच्या मनोऱ्यापाशी पोचले. हे दोघं आले ते हसत. ज्वालामुखी विझलाय म्हणे, माझ्या मांड्यांना विचारा, असं ह्यांचं चाललं होतं. समरनं चक्क त्यांच्या पाठीवर थाप मारली.

ह्यांना भरून आलं. एक नमन म्हणतो, म्हणाले. पायांत काही ठेवून देवाचं नाव घेणं ह्यांना जमत नाही. स्कीचे बूट काढले, मोजेही काढले, आणि बर्फात डोळे मिटून गायला लागले. असा लागलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. बूट गार पडतील, असं समर जर्मनमध्ये दोनदा म्हणाला. हे गातच राहिले.

मग बूट चढेनात. प्लास्टिक थंडीनं दगडासारखं झालेलं, पाय सुन्न. समरनं गुडघे टेकून जोर लावला. शेवटी तो एकटाच स्की करत खाली गेला आणि गाडीतले साधे बूट घेऊन पुन्हा चढून आला. नाड्याही त्यानंच बांधल्या.

ह्यांनी हळूच विचारलं, "मग रामनवमीला?"

बालवाडीपासून आम्हाला जर्मनमध्ये उत्तरं देणारा मुलगा स्वच्छ मराठीत बोलला.

"वर आणि खाली ठरलं होतं, बाबा. मी सांगत होतो, तुम्ही डोळे मिटून घेतलेत."

रामनवमीला तो आला नाही. ह्यांचे मित्र जयंतभावजी टाळ धरतो म्हणाले, तर ह्यांनी नको म्हणून सांगितलं. त्या दिवशी हे मोजे घालून उभे राहिले. पायाची बोटं अजून बधिर आहेत, असं मी सगळ्यांना सांगत होते. बोटं केव्हाच बरी झाली होती.